टेम्पोच्या तळातलं भोक

बा, त्या गोणपाटाच्या तुकड्याची खरी किंमत सांगतो. आईची दोन्ही पावलं, घोट्यापर्यंत भाजलेली. आणि तिची जोडवी, जी सुजलेल्या बोटांवरून डॉक्टरांना कापून काढावी लागली. तू जिवंत असताना ती बिनजोडव्यांची फिरली. लग्नाकार्यात बायका तिच्या पायांकडे बघून कुजबुजायच्या, आणि माझे कान पहिल्यापासून तिखट.

जत्रा आटोपून आपण भज्यांचा टेम्पो अर्नाळ्याच्या किनाऱ्याला लावला होता. शेगडी, सिलिंडर, आपली अंथरुणं, सगळं टेम्पोच्या एकाच बंद पेटीत. सिलिंडरच्या बुडाशी मिस्त्रीने पत्र्याला भोक पाडून दिलं होतं आणि बजावलं होतं, हे बुजवू नका. गॅस हवेपेक्षा जड. गळला तर जमिनीला धरून साचतो, त्याला खालून वाट हवी. रात्री वाळू आत येते म्हणून तू तिथे गोणपाट कोंबलंस. आई म्हणाली, "नको कोंबू." तू हसलास. "माजं नाक हाय ना. गॅस सुटला तं पयला मना कलंल." गिऱ्हाइकांनाही हेच ऐकवायचास, नाकावर बोट ठेवून.

सकाळ. मी बाहेर कांदे कापतोय, तू कोळ्यांशी गप्पा मारतोयस, वाऱ्यावर सुकत्या बोंबलांचा वास. आत शेगडीपाशी आई काडी ओढते. आवाज मोठा नव्हता, कोणी चादर झटकावी तेवढाच. जाळ जमिनीवरून पळाला आणि त्याने तिचे पाय धरले.

तेवढ्याचा राग मी गिळला असता. पण दवाखान्यात तू डॉक्टरांना म्हणालास, "रातच्याला हिनंच कॉक उघडा ठेवला." पडद्याआडून ऐकलं मी. मरेपर्यंत तू तेच सांगत राहिलास, आल्यागेल्याला, तिच्यासमोर. ती चहा ओतत असायची.

आता मी गाड्यांवर फिरती घरं बांधून विकतो. नायगावला माझी शेड आहे. माझ्या गाडीत सिलिंडर वेगळ्या कप्प्यात, उभा, पट्ट्याने आवळलेला. कप्प्याचं दार बाहेरून, आतल्या बाजूला फट नाही, तळाला जाळी. गाडी चालताना आणि झोपताना सिलिंडर बंद. जोड तपासायचे ते साबणाच्या फेसाने, तुझ्यासारखी काडी लावून नाही. परवा एका गिऱ्हाइकाने त्या जाळीवर टॉवेल कोंबला. इतका ओरडलो की बिचारा गाडीच परत करायला निघाला. मग चहा पाजून समजूत काढली. धंदा आहे.

संध्याकाळी आईला शेडवर आणलं, जाळी दाखवली. म्हणालो, "आई, चूक गोणपाटाची होती. तुझी नाही. बा खोटं बोलायचा." वाटलं, रडेल. ती गाडीच्या पायरीवर बसली आणि पाय चोळत राहिली. म्हणाली, "मना ठाव हाय."

मला आणखीच राग आला, या वेळी तिचा. "मग इतकी वर्षं बोलली का नाय?"

तिने जे उत्तर दिलं त्यानंतर हे पत्र तिला वाचून दाखवायची माझी हिंमत नाही, एवढं कबूल करतो. राग अजून आहे. कुठे ठेवावा ते कळत नाही.

"वास मीच घ्यायची रं, रोज, काडी लावायच्या आदी," ती म्हणाली. "त्या दिशी बोंबलांच्या वासात मना नाय कलला."

"आणि बा?"

"त्याला कुठला वास? ल्हानपनी तापात त्याचा वासच गेलेला."