पातळ नमुना

३ जून

ती. दादास, शि. सा. न.

कारखान्याने क्रेन चालवणाऱ्या सगळ्यांची लघवी गांजासाठी तपासायला धाडली आहे. त्यात आमच्या लंबूचीही बाटली तुमच्याच लॅबमध्ये येईल. तुम्ही जाणताच, हिवाळ्यात देवासमोर शपथ घेतल्यापासून त्याने गांजाला हात लावलेला नाही. तरी अंगात काही मुरलेलं असलं तर धुऊन निघावं, म्हणून सकाळपासून त्याला तांब्यामागून तांब्या पाणी पाजलं. पाण्याला काय पैसे पडतात? मी माठ आहे का, म्हणून कुरकुरला, पण प्यायला. ह्यात निभावला की नोकरीत कायम होईल, मग लग्नाचं बघता येईल.

वहिनींना नमस्कार. आमच्यावर माया आहे तशीच ठेवा.

तुमची बायो

८ जून

चि. बायोस, अ. उ. आ.

भाच्याची बाटली म्हणून मी तिला हात लावला नाही, लॅबमधल्या आमच्या बाईंनी तपासली. गांजा सापडला नाही, पण नमुना इतका पातळ की तो धरतच नाहीत. मुद्दाम पाणी प्यायला असा संशय घेतात. आता पुन्हा द्यावा लागेल, समोर माणूस उभा करून. अगं, सोडून इतके महिने झाल्यावर अंगात काय उरणार? नेहमीसारखा गेला असता तरी सुटला असता. घरखर्चातली पै न् पै जुळवतेस, हे मात्र मला विचारलं नाहीस. असो. त्याला धीर दे, पाणी देऊ नकोस.

तुझ्या काळजीत असलेला,
दादा

१९ जून

ती. दादास, शि. सा. न.

तुमचं पत्र पोचायच्या आधीच शेरा कारखान्यात पोचला होता. चोरी नसती तर एवढं पाणी कशाला प्यायला असतास, असं मुकादम चारचौघांत म्हणाला. लंबू घरी आला आणि मला एवढंच विचारलं, आई, तुझा तरी विश्वास होता का?

मला हो म्हणता आलं नाही. त्याच संध्याकाळी तो जुन्या मित्रांकडे गेला. दुसऱ्या बाटलीत गांजा निघाला, तो खराच होता. नोकरी गेली.

जपाला बसते, पण मागायचं काय ते सुचत नाही. पूर्वी तो लपून ओढायचा. आता माझ्यासमोर ओढतो, आणि मी उठून खिडकी उघडते.

तुमची माया उरली असेल तर थोडी त्याच्यासाठीही ठेवा.

बायो