जळलेला दगड

प्रिय व्हेरेना,

शनिवार, ८ फेब्रुवारी, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. चर्चच्या तळघरात, थेक्लाच्या अंत्यप्रार्थनेनंतरच्या जेवणाला, हातातला हॅमचा पाव खाली न ठेवता तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, "आमची थेक्ला जन्मभर झाडत राहिली. एकदाच जरा जास्त झाडलं, तर जगज्जेतेपदच झाडून टाकलं!" सगळे हसले. टीव्हीवर इतकी वर्षं सामन्यांचं वर्णन करणाऱ्या बाईला कुठे थांबलं की लोक हसतात, हे पक्कं ठाऊक असतं. फादरसुद्धा हसले. मी हसले नाही. ते तुला दिसलं, कारण तू लगेच बशीतली काकडी निवडायला लागलीस.

वर 'प्रिय' लिहिलं आहे ते सिस्टर वालबुर्गाच्या धाकाने. कॉन्व्हेंटमध्ये तिने आपल्याला शिकवलं होतं की शत्रूलाही पत्र लिहायचं तर सुरुवात नीट करावी. कर्लिंगही, बर्फावरून दगड वर्तुळात सरकवायचा आपला खेळ, तिनेच शिकवलं. झगा कमरेला खोचून, गवताचा झाडू घेऊन, दगड लांब जावा म्हणून त्याच्यापुढे धावत ती बर्फ घासायची आणि ओरडायची, "ओटिली, झाडतेस की लोणी लावतेस?" तुला मात्र ती कधी ओरडली नाही. तुझा हात सोन्याचा होता, हे मी आजही नाकारत नाही. आणि तिचं ते वाक्य तुला आठवत नसेल, तर आठवण करून देते. सरकत्या दगडाला आपला झाडू लागला, म्हणजे दगड जळला, तर आपणच हात वर करायचा. "जळलेला दगड आणि केलेलं पाप, दोन्ही ज्याचं त्याने सांगायचं. पंच आणि पाद्री फक्त ऐकायला असतात."

आपल्या गावात दारू पिऊन ट्रॅक्टर तळ्यात घालणाऱ्याला लोक माफ करतात. जळलेला दगड लपवणाऱ्याला करत नाहीत. म्हणून तर तू लपवलास.

स्वित्झर्लंडमधली ती अंतिम फेरी. समोर नॉर्वेच्या मुली, शेवटचा डाव, बरोबरी. आपला दगड सरकत येत होता. त्याच्या पुढे मी आणि थेक्ला दोन बाजूंनी झाडत होतो. दगड मंदावला तशी तू, आपली कर्णधार, वर्तुळातून पुढे आलीस आणि आमच्यात घुसलीस. थेक्लाने तुला जागा करून दिली, झाडू उचलला. उचलला, व्हेरेना. तिचा झाडू हवेत होता. खट् झालं ते तुझ्या झाडूने. तू वर पाहिलंस, नेमकं माझ्याकडे. मी तुझा हात वर जायची वाट पाहिली. गेला तो थेक्लाचा. "माझा लागला," ती म्हणाली. नॉर्वेच्या कर्णधाराने नियमाप्रमाणे दगड बाजूला करायला सांगितला आणि आपण हरलो. तू थेक्लाच्या पाठीवर थाप मारून म्हणालीस, "असू दे गं, होतं असं." त्या थापेचा मला आजही राग येतो. हरल्याचा कधीच आला नाही.

कपडे बदलायच्या खोलीत मी तोंड उघडलं, तर थेक्लाने माझं मनगट धरलं. "दगड जळला होता ना? मग कुणीतरी सांगायलाच हवं होतं. कुणी सांगितलं, याने दगडाला काय फरक पडतो? मी मरेपर्यंत तू बोलणार नाहीस, शपथ घे." मी घेतली. ती मूर्ख होती असं मला तेव्हा वाटलं. तू एक दिवस स्वतःच सांगशील असं तिला वाटायचं. तिचा मूर्खपणा एवढाच.

तू काय केलंस? वसंत यायच्या आत तिला संघातून काढलंस, तेही फोनवर. शहरातून नवी पोरगी आणलीस. मी गुडघ्याचं कारण सांगून बाहेर पडले. माझा गुडघा ठणठणीत होता. मग तू स्कॉटलंडला गेलीस, स्वीडनला, जपानला. रुपेरी पदक आणलंस, शेवटी सोनेरीही. विमानतळावर बँड होता. थेक्लाही आली होती, मागे उभी राहून टाळ्या वाजवत होती. तुला दिसली नसेल.

तू जग फिरत होतीस तेव्हा ती सहकारी दुकानात गल्ल्यावर बसायची. बुटांचा बर्फ आत आला की उठून झाडायची, आणि दर हिवाळ्यात कुणीतरी म्हणायचंच, "जपून गं थेक्ला, कुठे लागेल हां!" तीही हसायची. अडतीस हिवाळे हसली. शेवटी इस्पितळात नर्सने तिला विचारलं, "म्हणजे ती झाडूवाली तुम्हीच का?" तेव्हाही हसली, आणि मग भिंतीकडे तोंड करून झोपली.

ती गेली. शपथ संपली. फादरना विचारून घेतलं आहे, तेव्हा पापपुण्याचा हिशेब मला शिकवू नकोस.

आता हे पत्र का, ते ऐक. तू गाडीत बसून निघून गेलीस तेव्हा मी स्वयंपाकघरात कप विसळत होते. थेक्लाची मोनिका मागच्या दाराने आली. हातात आईचा तो जुना झाडू. जमीन गोठलेली, म्हणून पुरायचं मे महिन्यात ठरलं आहे, हे तुला माहीत आहे. हा झाडू आपल्याबरोबर मातीत ठेवावा, एवढीच थेक्लाची इच्छा होती. मोनिका म्हणाली, "ओटिलीमावशी, हा तुम्हीच ठेवा. नको आईबरोबर. लोक तिथेही हसतील." आणि मग अगदी हळू, "आईने इतक्या जणींचं नुकसान केलं, मला लाजच वाटते." पोरगी आता चाळिशीची आहे. जन्मभर ती आईची लाज बाळगत आली, आणि ती लाज तुझी आहे.

झाडू माझ्या दाराशी उभा आहे. मी मोनिकाला अजून काही सांगितलेलं नाही. माझ्या तोंडून ऐकलं तर तिला ते मैत्रिणीचं सांत्वन वाटेल. हात ज्याचा त्यानेच वर करायचा. तेव्हा तू लिही, स्वतःच्या अक्षरात, टाइप करून नव्हे, आणि मला नाही, मोनिकाला. ३० एप्रिलच्या संध्याकाळच्या टपालापर्यंत ते पत्र तिच्या हातात पडलं पाहिजे. नाही पडलं, तर १० मे रोजी कबरीशी मी हा झाडू घेऊन उभी राहीन आणि सगळ्या गावासमोर बोलेन. कुठे थांबायचं ते मला ठाऊक नाही. मी टीव्हीवर कधी बोललेली नाही.

त्या दगडापाशी तुझ्यासमोर झाडणारी, तुझीच,
ओटिली