न प्यायलेल्या दारूबद्दल

शांतीच्या अप्पांना,

तुम्ही स्वतःच्या तोंडानं सांगितलंत? गल्लीनं म्हटलं असतं तर मी गल्लीशी भांडले असते. आजवर तेच केलं की! नळावर भांडले, कट्ट्यावर भांडले, देवळाच्या पायरीवर भांडले, की आमचे हे दारूला शिवत नाहीत म्हणून. आणि काल कागलचे पावणे माझ्याच सोप्यात बसून, मीच दिलेलं दूध पिऊन मला काय म्हणतात? "वैनी, लोकांचं सोडा. मल्लाप्पांनीच मला सांगितलं हुतं, जरा घेतो म्हणून." आता मी कुणाशी भांडू? तुम्ही तर निवांत जाऊन पडलात.

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. एवढ्या दिवसांत तुमच्याशी मनातल्या मनात बोलत होते, ते पुरत होतं. हे पुरणार नाही. मोठ्यानं बोलावं तर शांती घरात. म्हणून तिच्या शाळेतली जुनी वही घेतली आणि पेन्सील घेतली. दुसरीत शाळा सुटलेल्या बाईचं अक्षर आहे. तुम्ही माझ्या अक्षराला म्हशीचे खूर म्हणायचा. म्हणा.

आधी सांगते पावणे का आले ते. त्यांच्या थोरल्या मुलासाठी शांतीला मागणी घालायला आले. मुलगा चांगला आहे. शेत आहे, गुऱ्हाळ आहे, आणि मुलगा मान वर करून बोलतो, मला तसलाच पाहिजे. त्यांचं म्हणणं असं, की बाप पीत होता, तो गेला, त्याच्याबरोबर त्याचं पिणंही गेलं. "पोरगीत काय खोट न्हाय," म्हणाले. "रक्तात रोग असता तर गोष्ट येगळी. एकदा आमच्या भावाच्या घरात सून आणली, माहेरच्यांनी तिचं दुखणं लपवलं. आम्ही एकदा फसलोय वैनी. दारूचं आमाला काय न्हाय."

आणि मी गप्प बसले. मी! कळलं का? ते उठून जाईपर्यंत माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. शांती आतून सगळं ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली, "आव्वा, अप्पा पीत न्हवते. तू बोलली का न्हाईस?" मी म्हटलं, म्हशीला वैरण टाक जा.

काय सांगायचं होतं तिला?

तुमचा हात पहिल्यांदा चुकला तो दिवस मला आठवतो. संध्याकाळी नेहमीसारखी म्हैस दुधाच्या कट्ट्यावर नेली होती, गिऱ्हाइकापुढं धार काढायला. गिऱ्हाईक पेला घेऊन उभं. तुमची धार म्हणजे काय होती! वरून सोडली तरी पेल्यातच पडायची आणि फेस काठाच्या वर यायचा. ती धार त्या दिवशी पैलवानाच्या धोतरावर गेली. सगळे हसले. तुम्हीही हसलात. मी शेणाची पाटी घेऊन पलीकडं उभी होते. मी नाही हसले.

मग हळूहळू पाय लांब टाकून चालायला लागलात, नावेत उभं राहिल्यागत. वळताना भिंत धरायची. बोलणं तुटक झालं, एकेक अक्षर ढकलून बाहेर काढल्यागत. आणि नेमका तेव्हाच दारूबंदीचा कायदा आला! शिपायानं तुम्हाला रंकाळ्याच्या वाटेवर धरलं. मी चौकीत गेले तर शिपाई तुमच्या तोंडाला नाक लावून उभा. "वास येत न्हाय," म्हणतोय फौजदाराला. मी म्हटलं, "येत असंल तर दुधाचा येत असंल. लिंगायत हाय आमी, गळ्यात लिंग दिसत न्हाय व्हय तुमाला?" फौजदार म्हणाला, "बाई, मग ह्यो असा का चालतोय?"

तेच विचारायला मी तुम्हाला मिरजेच्या दवाखान्यात नेलं. तुम्ही यायला तयार नव्हता. म्हैस कोण पिळणार, म्हणालात. मी पिळली नाही का नंतर? आजही पिळते.

डॉक्टरांनी तुम्हाला काय काय करायला लावलं! डोळे उघडे ठेवून बोट आधी स्वतःच्या नाकाला लावा, मग माझ्या बोटाला. हात मांडीवर होता तोवर अगदी शांत होता. डॉक्टरांच्या बोटाजवळ जाईल तसतसा झोके खायला लागला आणि पुढं निघून गेला. मग म्हणाले, मांडीवर तळवा पालथा-उताणा, पालथा-उताणा, भरभर करा. मी मनात म्हटलं, हे काय, मी भाकरी थापताना ह्या हातावरून त्या हातावर रोज करते. तुमचा हात दोनदा वळला आणि गोंधळला. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

व्हरांड्यात एक आजोबा होते, आठवतात? तुम्ही त्यांच्याकडं टक लावून बघत होता. त्यांचा हात नुसता मांडीवर असला की थरथरायचा, बोटांत गोळी वळल्यागत. चहाचा कप घ्यायला गेले की थरथर थांबायची. तुमच्या बरोबर उलटं! आणि दाराशी आले की पाय जमिनीला चिकटून बसायचे. त्यांची म्हातारी कंटाळून काठी त्यांच्या पायापुढं आडवी टाकायची आणि म्हणायची, "ओलांडा आता." आणि ते ओलांडून चालायला लागायचे! तुम्ही मला म्हणालात, "त्यांची बायको तुझ्यापरास बरी. काठी नुसती टाकती."

मीच डॉक्टरांना विचारलं, दोघांचं वेगळं कसं. ते शांतपणे सांगत बसले, त्याबद्दल देव त्यांचं भलं करो. म्हणाले, हलायचा हुकूम मोठ्या मेंदूचा असतो, पण तेवढ्यानं काम होत नाही. मेंदूच्या आत खोलवर काही गाठी असतात. कुठली हालचाल सोडायची आणि कुठली अडवून धरायची हे त्यांच्याकडं. आजोबांचं तिथं बिघडलंय. मी म्हटलं, गाठी आहेत तर कापून टाका की! डॉक्टर हसले. "तसल्या गाठी नव्हेत बाई. त्या सगळ्यांनाच असतात, तुम्हालाही आहेत. त्या आहेत म्हणून तर तुम्ही इथवर चालत आलात."

आणि मागं, मानेच्या वरच्या अंगाला, लहान मेंदू. हात कुठवर न्यायचा, किती जोर लावायचा, कुठं थांबायचं, ह्याचा अंदाज त्याच्याकडं. हात वाट चुकायला लागला की तोच सावरतो, आपल्याला कळतही नाही. "तुमच्या मालकांचा तो झिजत चाललाय," म्हणाले.

तेव्हा तुम्ही एकेक शब्द ओढत म्हणालात, "म्हणजे... आजोबांच्या गोठ्याचा... आडणा निघत न्हाय. आणि माझ्या म्हशी सुटल्यात... पण बरोबर गुराखी न्हाय." डॉक्टरांना आडणा म्हणजे काय ते मला सांगावं लागलं, गोठ्याच्या दारातलं आडवं लाकूड म्हणून. ते म्हणाले, इतकं चांगलं मलाही सांगता आलं नसतं. काय खूश झाला होता तुम्ही! रोग झालेला माणूस एवढा खूश झालेला मी कधी बघितला नाही.

मग मी विचारलं, हे दारूनं झालं नाही ना? मला चारचौघांत दाखवायला शब्द पाहिजे होता. ते म्हणाले, "नाही. पण दारू प्यायलेला माणूस डुलतो तो ह्याच लहान मेंदूमुळं. म्हणून चाल तशीच दिसते. लोकांची चूक नाही, त्यांना तेवढंच माहीत." मी म्हटलं, लोकांचीच चूक.

आणि मग ते बोलले ते. मला आठवतं, तुम्हालाही आठवत असणार. काही घरांत हे बापाकडून पोरांकडं जातं, काही घरांत जात नाही. तुमच्या घरात आणखी कुणाची चाल अशी होती का? तुम्ही म्हणालात, बाप प्लेगात तरणाच गेला, काका त्याच्या आधी गेला. म्हातारं व्हायला घरात कुणी राहिलंच नाही, तर कळणार कसं? डॉक्टर म्हणाले, मग मलाही सांगता येणार नाही.

परतीच्या गाडीत तुम्ही बाहेर बघत बसलात. मी औषधाचं बोलत होते. हातकणंगल्याच्या पुढं आल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "शांतीचं काय?" मी म्हटलं, शांतीचं काय व्हायचंय, ती घोड्यागत पळती. तुम्ही पुन्हा बाहेर बघायला लागलात.

त्यानंतर तुम्ही भांडायचं सोडलंत. कट्ट्यावर कुणी म्हटलं, "काय मल्लाप्पा, लई झाली काय?" तर तुम्ही हसायचा. मला वाटायचं, थकले. माझा जीव तळमळायचा आणि मी त्याला दोन शब्द सुनवायची. तुम्ही मला हाताला धरून मागं ओढायचा, धरताना हात चुकायचा, पदरच धरायचा. मी म्हणायची, सोडा, मला बोलू द्या. आता कळलं तुम्ही कशाला ओढत होता.

तुम्ही कागलच्या पावण्यांना म्हैस दाखवायला बोलावलं होतं, त्या दिवशी सांगितलंत ना? त्यांच्या मुलावर तेव्हाच तुमची नजर होती ना? त्यांनी चाल बघून विचारलं असणार, आणि तुम्ही म्हणालात, जरा घेतो. गळ्यात लिंग घेऊन! मला विचारायचं तरी होतं! मी एवढी परकी होते का? शेवटी शेवटी घोट गिळताना ठसका लागायचा, छाती भरली, तेव्हाही मी पाठ चोळत बसले होते की. तेव्हा सांगायचं.

रागावू का नको ते मला कळत नाही. पोरीसाठी स्वतःला दारुडा म्हणवून घेतलंत. पण जिच्यासाठी घेतलंत ती काय म्हणते? तिला दारुड्याची पोरगी म्हणून सासरी जायचं नाही. तिला तिचा बाप स्वच्छ पाहिजे. आणि तो स्वच्छ करायचा तर मला लहान मेंदूचं सांगावं लागतं, आणि ते सांगितलं की पावणे विचारणार, रक्तात आहे का? मी काय म्हणू? माहीत नाही म्हणू?

ती पाण्याची घागर घेऊन पायऱ्या चढते तेव्हा मी तिच्या पायांकडं बघते. रोज बघते. पाय सरळ पडतात. "काय बघतीस आव्वा?" म्हणते. मी म्हणते, चप्पल झिजली का बघते.

तुमचं खोटं ठेवलं तर ज्या घरात ती जाणार ते घर पुन्हा फसणार, आणि उद्या काही झालंच तर दोष तिच्या माथी. खरं सांगितलं तर कदाचित कुणीच तिला नेणार नाही, आणि तिला काही होणारही नाही, नुसतीच घरात बसेल. तुम्ही एकट्यानं ठरवून मोकळे झालात. मी ठरवायचं तर मला तुमचा लहान मेंदू नको, मोठा पाहिजे.

एक शब्द देते. पावण्यांच्या आधी मी शांतीला सगळं सांगणार, मिरजेत ऐकलं तसं, एक अक्षर न गाळता. जन्म तिचा आहे. आणि ह्या घरात तुम्हाला दारुडा म्हणून कुणी दूध पिऊन जाणार नाही, मग तो व्याही होवो नाही तर न होवो.

पण पावण्यांना काय सांगायचं ते तुम्ही सांगा. सोमवारी ते लग्न पक्कं करायला सुपारी घेऊन येणार आहेत. रविवारी दिवस मावळायच्या आत मला कळवा. स्वप्नात या, शांतीच्या तोंडून बोला, कसंही. बोलणं तुटक असलं तरी चालेल, मला तुमचं समजतं. नाही कळवलंत तर सोमवारी मी खरं सांगणार, आणि मग मागनं माझा पदर ओढायचा नाही.

तुमची भांडकुदळ,
गंगव्वा