हिरवा ठिपका

३ मार्च, सोमवार

शेवटच्या क्लायंटलाही आज नाही सांगून टाकलं. फोन ठेवला. इतकी वर्षं आम्ही दोघं भावंडं दुसऱ्यांची कामं करून देतोय — बटण निळं करा, हिरवं करा, नको, परत निळंच करा. हो साहेब, करतो साहेब! आता बास. आता एकच वस्तू करायची आणि ती आपली. खुशाली.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या स्वयंपाकघरात एक छोटं यंत्र बसवायचं. सकाळी माणूस ओट्याशी वावरलं की मुलांच्या फोनवर हिरवा ठिपका. नाही वावरलं की लाल. बस्स, इतकंच. पहिलं यंत्र आईकडे बसवलं. बाबा गेल्यापासून ती त्या गावात एकटी, आणि इकडे यायचं नाव काढत नाही. खरं सांगायचं तर खुशाली सुचली ती तिच्याच काळजीने.

धाकट्या भावाने ऑफिसच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय — हाताने काही करायचं नाही! बरोबरच आहे. क्लायंटच्या कामात काही बिघडलं की आम्ही त्याला कळायच्या आत हाताने सावरून घ्यायचो आणि वर शाबासकी मिळवायचो. ती सवय मोडायची.

६ मार्च, गुरुवार

निम्म्या खुर्च्या रिकाम्या. क्लायंट गेले तशी त्यांची कामं करणारी माणसंही गेली. कोणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं.

ऑफिसातल्या अक्का राहिल्या. मोठमोठे चिडलेले क्लायंट त्यांनी फोनवर गार केलेत; आता यंत्र बसवलेल्या घरांच्या तक्रारी घेतात. "येतच नाहीत तक्रारी," म्हणाल्या. मी म्हटलं, मग पेढे वाटत सांगा की! हसल्या नाहीत.

११ मार्च, मंगळवार

आईचा फोन. "तुमच्या ऑफिसातली ती बाई रोज सकाळी फोन करते गं. काल गुडघ्याचं विचारत होती. तुझ्यापेक्षा तिलाच माझी जास्त माहिती!"

हसले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं. कोण बाई? आम्ही कोणालाच फोन करत नाही!

१२ मार्च, बुधवार

अक्काच! रोज सकाळी, सगळ्या घरी, पहिल्या दिवसापासून. विचारलं तर शांतपणे म्हणाल्या, "ठिपका कधी कधी खोटा असतो. त्या घरचं इंटरनेट गेलं की तो लाल व्हायला हवा, तर आधीचाच हिरवा धरून बसतो. म्हणून मी विचारून घेते. एकदा शेजाऱ्यांना पाठवलंही होतं, एक आजोबा न्हाणीघरात पडले होते."

"मग आम्हाला सांगितलं का नाही?"

"सांगितलं की. तुमच्या भावाला. दोनदा."

धाकट्याने मानही वर केली नाही. "ताई, एका तरी घरातून तक्रार आहे का? नाही ना? मग ते मागे टाकलं. गुंतवणूकवाल्यांपुढे मांडायचंय ते आधी नको का करायला?"

तक्रार येणार कशी? अक्का आधीच फोन करून मोकळ्या! त्या सावरतात म्हणून तक्रार नाही, आणि तक्रार नाही म्हणून दुरुस्ती नाही. मी भडकले. धाकट्यावर भडकायला हवं होतं बहुतेक. भडकले अक्कांवर. "हीच ती जुनी सवय! उद्या हजारो घरं झाली तर काय फोन करत बसणार? बंद करा. आजपासून."

"आणि दुरुस्त होईपर्यंत?"

"पुढच्या पंधरवड्यात सादरीकरण झालं की पहिलं काम तेच."

"तुमच्या आईचाही फोन बंद?"

"सगळ्यांचे." सगळ्यांसमोर दुसरं काय बोलणार!

"बरं," म्हणाल्या. जाताना दार जरा जोरातच लावलं. लावू दे. आईला मी स्वतः रोज फोन करणार आहे. माझी आई, मी बघेन.

१३ मार्च, गुरुवार

आईला फोन केला. गुडघा तसाच. बरं वाटलं बोलून.

१४ मार्च, शुक्रवार

आजही केला. घाईत.

१८ मार्च, मंगळवार

फोन राहिला. ठिपका पाहिला. हिरवा.

२१ मार्च, शुक्रवार

आईनेच केला. मी नेमकी गुंतवणूकवाल्यांचे प्रश्न काढत बसलेली.

"ती बाई आजारी आहे का गं? फोन नाही येत तिचा."

"आता मशीन बघतं तुझ्याकडे, आई."

"मशीनला गुडघा कुठे कळतो?" मग जरा थांबून, "तू दमलीस का? आवाज उतरलाय तुझा."

मी म्हटलं, रविवारी बोलू निवांत. "बोलू," म्हणाली. तिला काहीतरी सांगायचं होतं असं आत्ता वाटतंय. असो. रविवारी विचारेन.

२४ मार्च, सोमवार

रविवार कुठे गेला कळलंच नाही. दिवसभर धाकट्यापुढे तालीम — हे बोल, ते बोलू नकोस, हात असे हलवू नकोस. आईला फोन करायचा राहिला हे आज सकाळी अंथरुणातच आठवलं, दचकून फोन उघडला. हिरवा! जीव भांड्यात पडला.

दुपारी अक्का टेबलाशी आल्या. "आईशी बोललात?" ठिपका दाखवला. त्या फोनकडे नाही, माझ्याकडे बघत राहिल्या. इतका राग आला!

२५ मार्च, मंगळवार

झालं! गुंतवणूकवाले हो म्हणाले!!

सगळं नीट चाललं होतं, आणि त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्कर गृहस्थांनी विचारलं, "हे सगळं ठीक, पण तुम्ही स्वतः यावर विसंबाल का?" धाकटा गडबडला. मी काही ठरवलं नव्हतं, सरळ माझा फोन त्यांच्यापुढे धरला. "ही माझी आई. गावी एकटी राहते. आत्ता, या क्षणी, ती बरी आहे हे मला कळतंय." हिरवागार ठिपका. फोन एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात फिरला. गृहस्थांनी चष्मा काढून पुसला. त्यांचीही आई एकटीच असायची म्हणे.

बाहेर आल्यावर धाकट्याने मला उचलूनच घेतलं. लहानपणी मी त्याला उचलायची! म्हणाला, ताई, उद्यापासून ठिपक्याची दुरुस्ती, शब्द देतो.

आईला सांगायचंय. ती झोपली असेल आता. उद्या सकाळी पहिला फोन तिलाच. भरपूर बोलणार आहे.

२६ मार्च, बुधवार

माझ्या आधी अक्कांनी आईला फोन केला, स्वतःच्या फोनवरून. उचलला नाही म्हणून शेजारच्या काकांना पाठवलं. त्यांनी दार फोडलं. आई ओट्याशीच पडलेली होती.

काका म्हणाले, शनिवार संध्याकाळपासून गल्लीत इंटरनेट नाही. डॉक्टर म्हणाले, रविवारी गेली.

काल मी सगळ्यांना दाखवली ती आई शनिवारची.