शेवटच्या शेताची पाळी

मी, पंचाक्षरी शिवलिंगप्पा बिराजदार, वय ८१, कालव्याचं पाणी पाळीने सोडणारा निवृत्त पाटकरी, राहणार जळकोट. गुडघे गेले आहेत, डोकं जागेवर आहे. कोणी गळ घातली म्हणून नव्हे, माझ्या मनात आलं म्हणून हे मृत्युपत्र लिहितो. याआधी एकही केलेलं नाही.

१. राहतं घर व बँकेतली शिल्लक मुलगा गुरुप्रसाद याला. सून अर्पिता हिने माझी पथ्यं आणि माझा तिरसटपणा दोन्ही सांभाळलं, म्हणून घरावर तिचंही नाव लावावं.

२. कालव्याचा दरवाजा फिरवायचं हँडल नात इरा हिला. ते सरकारी आहे, पण इतक्या वर्षांत कोणी मागायला आलं नाही. कालवा कुठून जायचा असं ती सारखी विचारते, म्हणून लिहून ठेवतो. तलावापासून माळाच्या कडेने, हायवेखालच्या मोरीतून, शेतशेजारी बजरंगच्या उसाला वळसा घालून आमच्या रानात, आणि तिथून थोरली बहीण सारजाबाई, म्हणजे आमची अक्का, हिच्या बांधाला संपायचा. तिला शेजारच्याच शिवारात दिली आहे. रस्ता रुंद झाला तेव्हा मोरी बुजली. आता कालव्यात बाभळी आहेत.

३. माझं खोरं बजरंगला. त्याचं स्वतःचं कधी धड नव्हतं. पाणी शेवटच्या शेतापासून वर देत यायचं, हा नियम. १९९२ च्या रब्बीत बजरंग चारचौघांत म्हणाला, "बहिणीचंच रान आधी भिजीव." मला ते झोंबलं. मी निःपक्षपाती दिसावं म्हणून अक्काची पाळी सगळ्यांच्या मागे टाकली. तिच्यापर्यंत यायच्या आत तलाव आटला. तिचा हरभरा घाट्यात वाळला. बजरंगला माफ केलं आहे. चूक माझी होती.

४. म्हणून माझ्या विहिरीचं निम्मं पाणी अक्काला. आमच्या रानातल्या कालव्याच्या तळातून तिच्या बांधापर्यंत पाइप टाकावा. गुरुप्रसादने कालवा बुजवून सपाट करू नये.

पुरवणी: कच्चा मसुदा गुरुप्रसादने काल अक्काला वाचून दाखवला. तेहतीस वर्षं ती नागपंचमीला माहेरी आली नाही. तिने तोंड फिरवलं, असं मी धरून बसलो होतो. ऐकून ती त्याला म्हणाली, "पान्याचं र्‍हाऊ दे. पंचाला इचार, मुराळी म्हनून न्यायला का आला न्हाईस? म्या दर पंचमीला पिशवी भरून बसत हुते."

मला लाज वाटत होती, अक्का. दुसरं काही नव्हतं.

सबब कलम ४ माझ्या मरणापर्यंत थांबवू नये. पाइप याच आठवड्यात टाकावा. येत्या पंचमीला मी स्वतः अक्काला न्यायला जाणार आहे. गुरुप्रसादने गाडी हळू चालवावी.

साक्षीदार: १. धोंडप्पा मल्लप्पा पाटील (सही)
२. महादेवी काशिनाथ स्वामी (सही)

पंचाक्षरी शिवलिंगप्पा बिराजदार (सही)
जळकोट, ता. तुळजापूर, जि. धाराशिव
दि. १४ जुलै २०२५