दाराशी लावलेला वेल

ताई,

हे पत्र पेटीत टाकणार नाही, म्हणून खरं लिहिते.

गेल्या वर्षी परगावी जाताना तू दिलेला पांढऱ्या फुलांचा वेल मी आपल्या टोमॅटोच्या काचघराच्या दाराशी लावला. पूर्वी टोमॅटोचे फुटवे आपण दोघी खुडायचो, एक ओळ तुझी, एक माझी, आणि तू हमखास माझ्या ओळीतलं पिकलेलं फळ पळवायचीस. तू गेल्यावर भांडायलाही कुणी उरलं नाही. मग रोज सकाळी वेलाची सुकलेली फुलं नखाने खुडत मी त्याच्याशीच भांडायची, आणि त्याच हातांनी आत फुटवे काढायची.

यंदा टोमॅटोचे शेंडे आखडले, फळं गोटीएवढीच राहिली. बाबा बियाणेवाल्यावर उखडले. कृषी खात्यातल्या तपासणीच्या बाई पानं घेऊन गेल्या, परत आल्या त्या थेट वेलापाशी.

"व्हायरॉइड आहे, विषाणूहूनही लहान. हातांनी पसरतो. हा वेल टोमॅटोच्याच कुळातला. रोग अंगात बाळगतो, पण स्वतः ठणठणीत. याला हात कोण लावतं?"

"कुणीच नाही," मी म्हणाले.

बाबांनी माझ्या हिरव्या नखांकडे पाहिलं.

सगळी रोपं जाळली. वेल मीच उपटला.

काल फोनवर तू विचारलंस, "माझा वेल फुलतो ना गं?"

"फुलतो की! फुलं खुडून खुडून माझी नखं हिरवी झालीत."

तुझीच,
धांदरट