खाडीकडचा बुरूज

२ मार्च १९५३
ऑर्डर आली! ठाण्याच्या किल्ल्याची दुरुस्ती, आणि ओव्हरसियर मी — कोपरीच्या मिठागरवाल्याचा पोर. लोकांना तो नुसता तुरुंग वाटतो. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, पुरा व्हायच्या आत मराठ्यांनी जिंकला, इंग्रजांनी त्यात कैदी कोंडले. आता आपला आहे. आईला सांगितलं. "बरं" म्हणाली. एवढंच.

५ मार्च
खाडीकडच्या बुरुजाला पोट आलंय. मोठे साहेब खालूनच बघून म्हणाले, "पाडून टाका. सिमेंटात नवी भिंत उचला." दोनशे वर्षांचं बांधकाम, अन् एका शब्दात निकाल! मी थोडी मुदत मागून घेतली.

७ मार्च
मार्सेल गवंडी आणि मी वर चढलो. पावसाचं पाणी बाहेर टाकणारी दगडी पन्हळ मातीनं बुजलेली. सगळं पाणी आत मुरतं, आतली मातीची भरणी फुगते, बाहेरचे दगड ढकलते. खाली उतरून मार्सेलनं पहारीनं पाया ठोकून बघितला. "हललेला नाय," म्हणाला. म्हणजे फुगलेला भाग तेवढा उतरवून चुन्यात परत रचला तर बुरूज वाचेल.

१० मार्च
साहेबांना वर नेऊन पन्हळ दाखवली. म्हणाले, "करा. पण ढासळला तर नोकरी गेली समजा."

करणार.

९ एप्रिल
शेवटचा दगड बसला. बुरूज ताठ! साहेबांनी हात मिळवला. मार्सेल म्हणाला, "पहिल्यांदा आमच्याच किरिस्ताव गवंड्यांनी रचला असंल." मी म्हटलं, असेलच. दोघांची छाती फुगलेली.

१२ एप्रिल, रविवार
जेलरसाहेबांची परवानगी काढून आईला किल्ला दाखवायला नेलं. बुरुजाकडे तिनं धड बघितलंही नाही. आत, बायकांच्या बराकीच्या बंद दारावर हात ठेवून उभी राहिली. "पाय दुखतात, घरी चल," म्हणाली. मी खट्टू झालो.

१३ एप्रिल
सकाळी भाकऱ्या थापताना आपणहून बोलली. तीस साली मिठाच्या सत्याग्रहात पकडलेली. त्याच बराकीत ठेवलेली.

"कधी बोलली नाहीस?"

"तुझ्या आज्यानं शपथ घातलेली. सून तुरुंगात गेली म्हणून लोक नावं ठेवतील."

"आणि मी कुठे होतो तेव्हा?"

"माझ्या पदराखाली. त्या बराकीतच रांगायला लागलास."